नांगरलेला समुद्र

शिवरात्र होऊन गेली होती आणि लातूरला ऊन चावायला लागलं होतं. त्या सकाळी गुरुपादप्पांनी पूजा आटोपली, स्टुडिओच्या फळ्या काढल्या, उंबऱ्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं आणि रोजच्यासारखं विभूतीचं एक बोट कॅमेऱ्यालाही लावलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "नीलव्वा, आज चहात साखर टाकायची राहिली का गं?"

साखर राहिली नव्हती. ती ढवळायची राहिली होती. नीलम्मानं खिडकीतून उठून कप ढवळून दिला आणि पुन्हा आपल्या कामाला बसली. पुढं कितीतरी दिवस तिला तो चमच्याचा आवाज ऐकू येणार होता. साधा दिवस होता तो. शेवटचा साधा.

गंजगोलाईच्या एका गल्लीत अप्पांचा स्टुडिओ होता आणि मागं दोन खोल्यांचं घर. नीलम्माची आई ती लहान असतानाच गेलेली. शाळा सुटल्यावर मुलगी स्टुडिओतच वाढली. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून माणसांच्या चेहऱ्यावरचे व्रण, काळे डाग ती अशी बुजवायची की माणसाला वाटावं आपण मुळातच असे आहोत. फावल्या वेळात वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचायची, आणि वाचलेलं कुणाला सांगायची नाही. बोलणं तिला पहिल्यापासूनच महाग.

जिल्हा नुकताच झाला होता. पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून तिथं लातूर रंगवणं चालू होतं. ज्याला त्याला नव्या कचेरीत अर्ज द्यायचा होता आणि अर्जाला फोटो लागत होता. पण साधा फोटो काढून झाला की माणसं जरा घुटमळत. मग म्हणत, "अप्पा, एक समुद्रापुढं बी काढा की."

समुद्र म्हणजे मागचा पडदा. नीलम्मानं दहावीत असताना रंगवलेला. खरा समुद्र तिनं पाहिला नव्हता, अप्पांनीही नाही. पण विहिरी तळाला गेल्या त्या वर्षी त्या पडद्यापुढं उभं राहायला माणसं चाकूर-मुरुडहून येत होती.

दुपारी वारा सुटला. गल्लीतून धुळीचा एक लोट उठला आणि त्याच्यासोबत एक तरुण डोळे चोळत आत शिरला. उंच, काळासावळा, कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा. डोळे उघडले तर समोर पडदा. तो बघतच राहिला… आणि हसला.

"काय झालं?" नीलम्मानं विचारलं.

"काही नाही. समुद्र बघतोय."

"मग हसायला काय झालं?"

"लाटा अगदी सरीसारख्या काढल्यात. नांगरलेलं रान दिसतंय. ज्वारी पेरता येईल."

नीलम्माच्या हातातली पेन्सिल थांबली. "पेरा. पाऊस तुमच्याकडं शिल्लक असेल तर."

अप्पा आतून खो खो हसले. "पोरा, जरा जपून. तो समुद्र तिनंच काढलाय."

त्याचा चेहरा असा पडला की नीलम्माला आपला राग लांबवणं अवघड झालं.

त्याचं नाव पंचाक्षरी. चाकूरचा, बी. ए. झालेला. कचेरीच्या अर्जासाठी त्याला फोटो हवा होता, पण खरं काम दुसरंच होतं. शिवरात्रीला गावची माणसं मोटार करून गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनाला गेली होती. सगळ्यांनी मिळून याला रोल घेऊन दिला होता, की बाबा, प्रत्येकाचा एक फोटो काढ. आणि यानं देवळामागं गेल्यावर जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, अन् सगळा रोल समुद्रावरच संपवला. गाव आता फोटोची वाट बघत होतं.

"एकबी माणूस न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"एक आहे. आमच्या गावची विठाबाई. ती मधेच आली."

अप्पांनी आधी त्याला स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यामागून डावा हात वर केला आणि गेली कित्येक वर्षं साऱ्या लातूरला म्हणत आले तेच म्हणाले, "हां, इकडं बघा… माझ्या बोटाकडं." पंचाक्षरीनं बघितलं. पण आधी एकदा, अगदी चोरून, खिडकीकडं.

मग अप्पा त्याचा गोकर्णाचा रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. संध्याकाळी चिमटे लावलेले छोटे फोटो दोरीवर हलत होते. पंचाक्षरी एकेका फोटोपुढं जाऊन उभा राहिला, आणि प्रत्येकापुढं थोडा थोडा खचत गेला. वर पांढरं, खाली करडं, मधे एक रेघ. कुठलंही माळरान असावं तसं.

"असा नव्हता तो," तो हळू म्हणाला. "अप्पा, मी उभा होतो तिथं… छातीत धडकी भरली होती. इतका सुंदर, अन् भीती वाटावी इतका. मला सगळा घ्यायचा होता. तो मावेचना."

ही तर माझ्या पडद्याचीच गोष्ट, असं नीलम्माच्या मनात आलं. तिनं न बघता काढला, यानं बघून काढला, आणि दोघांच्याही हाती रान लागलं.

अप्पांनी शेवटचा फोटो चिमट्यातून काढला. त्यात विठाबाई होती. पाठमोरी, घोट्याएवढ्या पाण्यात, दोन्ही हातांनी लुगडं वर धरून. बोटाच्या पेराएवढी. आणि तिच्यापुढं, तिच्या वर, तिच्या दोन्ही बाजूंना — समुद्र होता. खरोखरचा. त्याचा आवाज यावा असा.

"हे बघ," अप्पा म्हणाले. "लहान काहीतरी पुढं ठेवल्याबिगर मोठं मोठं दिसत न्हाई. माणूस उभं कर, मग समुद्र कळतो. पुन्हा जाशील तेव्हा कुणाला तरी संगं घेऊन जा."

"कुणाला नेऊ?" पंचाक्षरीनं अप्पांना विचारलं, आणि बघितलं मात्र दुसरीकडं.

पेन्सिलीचं टोक मोडलं. नीलम्मा ते तासायला बसली, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

तो गेल्यावर अप्पा फळ्या लावत होते. पाठ तिच्याकडं ठेवूनच त्यांनी विचारलं, "पोरगं कसं वाटलं गं?"

"कोण पोरगं?"

अप्पा हसले. "बरं," म्हणाले. "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसलेले अप्पा उठले नाहीत.

त्यांच्या समाजात माणूस गेला की आडवा करत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, अंगभर विभूती लावतात, हार घालतात. सगे येतात, पाया पडतात, आणि फोटो काढला जातो. लातुरात कुणाच्या घरी असं झालं की निरोप अप्पांनाच यायचा. आज निरोप कुणाला पाठवायचा हेच कुणाला कळेना.

शिवम्मा आत्या, अप्पांची धाकटी बहीण, म्हणाली, भिंतीचा पोपडा गेलाय, मागं चांगलं कापड तरी लावा. नीलम्मा स्टुडिओत गेली आणि जे हाताला आलं ते घेऊन आली. तो पडदा होता. अप्पांच्या मागं समुद्र लागला.

तेवढ्यात पंचाक्षरी आला. आपले फोटो घ्यायला. दारातली चपलांची रास बघून तो थबकला. नीलम्मानं कॅमेरा हातात घेतला होता, पण डोळ्याला लावला नव्हता. तिनं गर्दीतून त्याच्याकडं पाहिलं आणि कॅमेरा पुढं केला. रोलमध्ये अजून जागा होती.

तो अप्पांसमोर गुडघ्यावर बसला. घाम त्याच्या कानामागून वाहत होता. त्यानं कॅमेरा नीट केला, डावा हात वर गेला, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या तोंडून निघून गेलं —

"अप्पा, इकडं बघा… माझ्या बोटाकडं."

शिवम्मा आत्याचं रडणं मधेच तुटलं. पंचाक्षरीचा हात तसाच वर राहिला, आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं होतं. आणि नीलम्मा, जी सकाळपासून दगडासारखी उभी होती, ती हसली. एकदाच, फुटल्यासारखी. ते हसू कुठं संपलं आणि रडं कुठं लागलं हे तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या माणसांत एकटा तोच अप्पांशी अजून बोलत होता.

खटका दाबल्याचा आवाज झाला.

चैत्र गेला. नळाला आठवड्यानं पाणी यायला लागलं, मग तेही थांबलं. शिवम्मा आत्या आता घरातच राहायला आली होती. काउंटरवर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, साऱ्या लातूरचे फोटो धुतले, अन् माझ्या भावाचाच तेवढा राहिला.

"पाणी नाही, आत्या," नीलम्मा म्हणायची. "फिल्म धुवायला स्वच्छ पाणी लागतं."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. रोल कॅमेऱ्यातून काढून तिनं डब्यात ठेवला होता. तो धुतला की अप्पा कागदावर उमटणार, आणि कागदावर उमटलेला माणूस भिंतीवर जातो. भिंतीवर गेलेला परत खुर्चीत येत नाही. अशा उन्हाळ्यात न धुतलेली फिल्म फार दिवस टिकत नाही, हेही तिला माहीत होतं. रोज डब्याकडं हात जायचा आणि रोज मागं यायचा.

पंचाक्षरीला आत्याकडून पाण्याचं कळलं. अर्जाला जुनाच फोटो लावून नव्या कचेरीत त्याला हंगामी काम लागलं होतं, औसा रोडला खोली होती. त्या संध्याकाळपासून त्याच्या सायकलला पाण्याचा डबा लागला. झाकणावर फडकं बांधलेला, वाटेत हिंदकळून अर्धी पॅन्ट भिजवणारा डबा. तो उंबऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "समुद्र आला."

"कुठून आणता इतकं पाणी?"

"माझ्या वाट्याचं आहे."

"मग आंघोळ?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"म्हणून तर जरा लांब उभा आहे."

ती हसू दाबत डबा आत न्यायची. त्यातलं तांब्याभर आत्याच्या चहाला जायचं, बाकीचं गिऱ्हाइकांच्या फोटोंना. अप्पांच्या रोलला कधीच नाही. त्यानं ते कधी विचारलं नाही. तो पायरीवर बसायचा आणि समुद्राबद्दल सांगायचा. पाणी मागं सरताना पायाखालची वाळू कशी घेऊन जातं. संध्याकाळी त्याचा रंग कसा जांभळा होतो, जवळजवळ पिकल्या जांभळासारखा… आणि कुणी न बोलताही तो कसा बोलतच राहतो. "तुमच्या उलट," असं एकदा म्हणाला. आत्यानं आतून विचारलं, "पाणी ठेवून झालं असंल तर पोराला रस्ता दाखव गं." तरी दुसऱ्या दिवशी चहा दोन कप जास्तीचा टाकला तिनंच.

मे महिन्यात एका दुपारी तो अवेळी आला. डबा आणला होता, पण "समुद्र आला" म्हणाला नाही.

"नांदेडचा हुकूम आलाय," तो म्हणाला. "शाळेत. कायमची नोकरी. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचंय."

"चांगलं झालं," नीलम्मा म्हणाली. तेवढंच.

"पाण्याचं मी टँकरवाल्याला सांगून ठेवलंय. अप्पांचा रोल तेवढा—"

"पाण्याचं कारण नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत होतं?" तिनं वर पाहिलं. "मग रोज आणत का होता?"

त्यानं डब्यावरच्या फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मलाही काहीतरी कारण लागत होतं ना यायला."

बाहेर रणरणत होतं. आत पंखा कुरकुरत होता. उद्या गाडी निघेल, आणि आज "चांगलं झालं" हेच आपलं शेवटचं वाक्य राहील — हे तिला एकदम लख्ख दिसलं. 'कोण पोरगं' सारखंच. 'उद्या सांग' म्हणालेल्या माणसाला उद्या मिळाला नव्हता.

ती उठली. कपाटातून रोलचा डबा काढला. "पाणी आत आणा," म्हणाली.

अंधाऱ्या खोलीत ती कुणाला येऊ देत नसे. तो दाराशी अवघडून उभा राहिला. आत्यानं बाहेरून बघितलं आणि दाराचा पडदा ओढून घेतला. फिल्म धुऊन झाली, आणि त्या कोरड्या हवेत बघता बघता वाळली. नीलम्मानं ती दिव्यासमोर धरली. उष्म्यानं कडा थोड्या धुरकटल्या होत्या, पण चित्रं होती. शेजारी शेजारी दोन चौकटी. एकीत स्टुलावर बसून बोटाकडं बघणारा पंचाक्षरी. दुसरीत अप्पा.

मग लाल दिवा. तबकात पांढरा कागद, त्यावर त्यानं आणलेलं पाणी आणि औषध हलकेच डुलत होतं. दोघं वाकून बघत होती, खांद्याला खांदा लागेल न लागेल असं. आधी रुद्राक्षाची माळ आली. मग भुवया, मग मिटलेले डोळे. कपाळावरच्या विभूतीच्या रेघा कागदासारख्या पांढऱ्याच राहिल्या. आणि शेवटी, हळूहळू, त्यांच्या मागून तिनं दहावीत काढलेल्या लाटा वर आल्या.

त्या सरीसारख्या दिसत नव्हत्या. पुढं एक लहानसा माणूस बसला होता, निवांत, मांडी घालून. त्याच्या मागं ते सगळं पसरलं होतं — कडेपर्यंत, कडेच्या पलीकडं.

"नीला," पंचाक्षरी म्हणाला. "हा समुद्र आहे."

तिनं मान हलवली. चिमट्यानं कागद उचलला आणि त्यानं आणलेल्या स्वच्छ पाण्यात सोडला. अप्पांचा चेहरा पाण्याखाली जरा हलला, खुर्चीत बसून उत्तराची वाट बघताना हलायचा तसा. तिचा हात काठावर होता. शेजारी पंचाक्षरीचा होता, ओला, दूर न घेतलेला. तिनं आपला त्यावर ठेवला. आणि तबकाकडंच बघत, पण दोघांनाही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली —

"पोरगं चांगलं आहे, अप्पा. मला आवडलं. त्याच दिवशी आवडलं होतं. पुन्हा समुद्राला जाईल तेव्हा पुढं मीच उभी राहीन."