पुदिना ओळखता येत नाही

माणसाच्या प्रत्येक दुखण्यावर देवाने आधीच एक झाड उगवून ठेवलं आहे, असं जुन्या ग्रीक वैद्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्यांच्या ग्रंथाचं लॅटिन करणारा फान्तीनो मात्र आल्त्रुदाला पहिल्यांदा दिसला, तो त्यातलंच एक झाड चावून तिच्या कुंपणापाशी थुंकताना.

"अहो पंडित, बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत त्या पाल्याला!"

"बकऱ्यांना भाषांतर करायचं नसतं..." डोळे पुसत तो म्हणाला.

इटलीतल्या सालेर्नो बंदराच्या वैद्यांचा दंडकच होता — झाड पाहून, चुरून, चाखून झाल्याशिवाय त्याचं नाव लॅटिनमध्ये चढवायचं नाही. आल्त्रुदा वैद्याची मुलगी, स्वतःही वैद्य, आणि औषधी बाग तिची. म्हणून तो रोज यायचा. ती पान चुरून तळहात पुढे करायची, तो वाकून वास घ्यायचा... बडीशेपेला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ. समुद्राचा वारा सुटायचा, तिच्या डोक्यावरचा रुमाल उडायचा, बडीशेप तशीच राहून जायची. किती वर्षं झाली त्याला! बडीशेपेचा वास आला की आल्त्रुदाची मूठ अजून आपोआप उघडते.

मग ग्रंथ संपत आला. 'काम झालं की परत ये,' असा फान्तीनोच्या थोरल्या भावाचा गावाहून निरोप होताच. त्याच्या गावाकडे जाणारं गलबतही बंदरात लागलं. त्या सकाळी फान्तीनो पडेल चेहऱ्याने आला.

"शेवटची वनस्पती अडलीय."

"कुठली?"

"पुदिना."

ती बघतच राहिली. "पुदिना ओळखता येत नाही? तुमच्याकडे उकिरड्यावर माजतो तो!"

"तो वेगळा असला तर? खात्री नको?"

तिने पान दिलं. त्याने चावलं. "नाही बुवा कळत." दुसरं दिलं. "छे..." दुपारपर्यंत अर्धा वाफा भादरला गेला, तरी पंडितांचं अज्ञान जसंच्या तसं!

"फान्तीनो," ती हळूच म्हणाली, "खरं काय ते सांगा."

"हे एक नाव लिहिलं की ग्रंथ पुरा... मग गलबत." तो जमिनीकडे बघत राहिला. "मला जायचं नाहीये, आल्त्रुदा. तुला सोडून तर नाहीच."

तिच्या छातीत केवढं धडधडलं! नाडीपरीक्षेतली सगळी विद्या त्या क्षणी फुकट गेली.

"मग लिही ते नाव," ती म्हणाली, 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली तिलाही कळलं नाही, "आणि राहा इथेच. बाबांशी मी बोलते."

तो वाफ्यातच मटकन बसला. तिचा हात त्याने घट्ट धरला. आता हा काहीतरी सुंदर बोलणार — ग्रीक की लॅटिन, एवढंच काय ते बघायचं...

"आल्त्रुदा..."

"हं?"

"थोडा पाव आणतेस? सकाळपासून पोटात नुसता पाला आहे."