गरम झाली की बंद

भर दुपारी धुळ्याच्या पारोळा रोडवर ती लाल गाडी गचके खात आली आणि बंद पडली ती थेट कामिनीच्या दुकानासमोर. पडायचीच होती तर मेली चार दुकानं पुढे पडती! पण नाही, नेमकी डोळ्यांसमोर.

डावीकडचं दार उघडून नवल उतरला. उजवीकडून उतरली प्रियल. पांढरा कुर्ता, डोक्यावर चढवलेला गॉगल, आणि वैशाखाच्या उन्हातसुद्धा आत्ताच फ्रीजमधून काढल्यासारखी ताजी. नवलच्या कपाळावरून घामाची धार वाहत होती. प्रियलने आपली स्टीलची बाटली पुढे केली... आणि ह्या शहाण्याने ती घेतली! मान वर करून घळाघळा प्यायला. वरून प्यायला म्हणे. वरून प्यायलं तरी बाटली तिचीच ना?

कामिनीच्या हातात फॅनबेल्ट होता. तो तिने काउंटरवर असा आपटला की समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या ताई, मी पुन्हा येतो."

मागे खुर्चीत बसलेल्या तिच्या आत्याने, धुरपदाबाईने, चष्म्यावरून पाहिलं. दुकान तिचं. अख्खा रोड तिला अक्का म्हणायचा.

"काय व, मिरची खादी का काय? तोंड पाह्य तुनं, कसं लाल व्हयनं शे."

"ऊन आहे अक्का."

"ऊन बठ्ठासले शे, अख्खा रोडले. लाल तूच व्हयनी."

दुकान गाड्यांच्या पार्टचं, आणि शेजारीच नवलचं गॅरेज. ती लाल गाडी येण्याआधी कसे बरे दिवस होते! नवलला चार वायसर लागले की तो चार फेऱ्या मारायचा.

"एकदम चारही न्यायला काय होतं रे तुला?"

"जड होतात."

असं बोलून तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून हसायचा. मग कामिनी झाकून ठेवलेला ताकाचा पेला पुढे सारायची. "उरलंय म्हणून देते हं." ते ताक कधीच उरलेलं नसायचं. अक्काला मागूनसुद्धा मिळायचं नाही त्यातलं.

आणि मग ही आली. जळगावच्या जवरीलाल शेठची नात. साड्यांचं मोठं दुकान, आता धुळ्यात नवी शाखा, आणि तिची सारखी ये-जा. एकदा धुळ्यातच गाडी अडली. नवल म्हणाला, क्रँक सेन्सर गेलाय. बोटाएवढी वस्तू, पण मशीन फिरतंय ही खबर तोच गाडीला देतो. त्याने तोंड मिटलं की गाडी जागच्या जागी मरते. ओरिजनल नाशिकहून यायला वेळ लागणार होता. कामिनीच्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्या कंपनीचे काही पडले होते.

"हा ने. ओरिजनलच्या तोडीस तोड आहे. माझा शब्द."

तिच्या शब्दावर नवलने तो बसवला. आणि तेव्हापासून गाडीला हा रोग जडला... गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. गॅरेजमध्ये उभी असली तर शहाण्या सुनेसारखी वागायची. स्कॅनर लावला तर काहीच दोष दाखवायचा नाही. मग काय, ट्रायल! प्रियल गाडी चालवणार, नवल शेजारी बसणार, मुकटी गावापर्यंत जायचं आणि यायचं. आज ट्रायल, परवा ट्रायल. लग्न ठरलेलीसुद्धा इतकी हिंडत नाहीत!

बरं, नवल काही अनाडी नव्हता. साक्री-पिंपळनेरकडच्या जीपा त्याच्याकडे यायच्या आणि त्याच दिवशी बऱ्या होऊन डोंगर चढायच्या. मग हीच एक गाडी कशी बरी होत नव्हती? कामिनी रात्री कूस बदलत राहायची आणि उत्तर मात्र एकच सापडायचं. ह्याला ती बरी करायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी नवल दुकानात आला. नजर खाली.

"एक रिले दे."

"काल कनेक्टर नेलास, परवा वायर. दुरुस्त करतोयस की नवीन गाडी बांधतोयस?"

"ऊन फार आहे कामिनी. मशीनचं डोकं फिरतं."

"मशीनचं की मेकॅनिकचं?"

त्याने वर पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं त्याच्या — आणि तो ते गिळून बसला. रिले उचलला, निघाला. ताकाच्या पेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यात भर म्हणून बाहेरून प्रियलचा आवाज आला, "नवलजी, गाडी बरी झाली तर धुळ्यात माझ्या ओळखीचं कोण राहणार हो?"

नवल*जी*! कामिनीने ताक नालीत ओतलं आणि ओढणी खोचून बाहेर आली.

"आजच्या ट्रायलला मी येते."

"तू?" नवल गडबडला.

"का? मागची सीट भाड्याने दिलीय?"

"या ना," प्रियल गोड हसली. "साड्यांचे बॉक्स जरा सरकवा हं."

तर अशी कामिनी निघाली... मागे, बॉक्सांच्या मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन. पुढे एसीची हवा, अत्तराचा वास आणि गप्पा. प्रियल म्हणे जळगावचं भरीत खाऊन बघाच एकदा, माझ्या हातचं. नवल म्हणे, हं. त्याच्या त्या "हं"चा अर्थ लावता लावता फागणं गाव मागे पडलं. समोरच्या आरशात दोनदा त्याचे डोळे तिला सापडले. दोन्ही वेळा तिने मान खिडकीकडे वळवली.

मुकटीच्या अलीकडे गाडी मेली.

एसी थांबला तशी आत भट्टी पेटली. तिघं उतरली. एका निंबाची फाटकी सावली, आणि झळा अशा की लांबचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. प्रियल फोन कानाला लावून सावलीत गेली. नवलने बॉनेट उघडलं. गळ्यातला रुमाल काढून पाण्यात भिजवला आणि वाकून हात आत घातला.

कामिनी पाहत होती. हात कुठे चाचपडला नाही. रिलेकडे गेला नाही, कनेक्टरकडे गेला नाही. अंधारात आपल्या घराची कडी सापडावी तसा सरळ खाली गेला, आणि ओला रुमाल त्या बोटाएवढ्या वस्तूवर ठेवून थांबला.

"मार आता स्टार्टर," तो म्हणाला.

कामिनीने आत बसून किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू.

तिने ती तशीच बंद केली. उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काय?"

"नवल, मी पार्ट विकते, भाजी नाही. सेन्सर गरम झाला की मरतोय. कधीपासून माहीत आहे?"

त्याने बॉनेटच्या कडेवर बोट फिरवलं. "...पहिल्या ट्रायलपासून."

"मग हे रिले, ह्या वायरी, हे उन्हातान्हात हिंडणं..."

"वाटलं, दुसऱ्या कुठल्या उपायाने निभतंय का पाहावं. ओरिजनलही मागवलाय मी. आला की गुपचूप बदलणार होतो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणालीस ना, माझा शब्द." तो आता सरळ तिच्याकडे पाहत होता. "तो मी कसा खोटा पाडू? मेकॅनिकला काही येत नाही म्हणाले लोक, तर म्हणू देत. कामिनीचा माल खोटा असं... माझ्या तोंडून नाही निघालं."

वारा गरमच होता, पण कामिनीच्या अंगावर काटा आला. आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की बस.

"माझा शब्द राखायला दुसरीच्या गाडीत बसायचं? दुसरीच्या बाटलीतलं प्यायचं? अरे, इथे माझी झोप उडाली... मला वाटलं, तुला हिची गाडी बरी करायचीच नाही!"

"मलाही तेच वाटलं होतं," मागून प्रियल म्हणाली.

दोघं गर्रकन वळली. प्रियल फोन हातात धरून उभी, गाल लालबुंद.

"नाही म्हणजे... एवढा हुशार माणूस, एवढीशी गाडी बरी करत नाही, म्हणजे कारण मीच असणार ना?" ती हसली, पण हसू जरा तिरकं झालं. "भरीतसुद्धा करणार होते मी."

आता बोलणं भाग होतं. अक्काच्या दुकानातून आजवर एकही खराब वस्तू गेल्याचं कुणी कबूल केलेलं नव्हतं, आणि कबूल करायचं कुणासमोर, तर हिच्यासमोर! पण कामिनीने कबूल केलंच.

"प्रियलताई, सेन्सर माझ्या दुकानातला आहे. खराब निघाला. नवलचा दोष नाही."

प्रियलने तिच्याकडे पाहिलं, मग नवलकडे. "कळलं," ती म्हणाली. गॉगल डोळ्यांवर ओढला आणि गाडी धुळ्याकडे वळवली.

कामिनीच्या घरची गाडीही त्याच जातीची, फक्त पांढरी आणि जुनी. दुकानाशी पोचताच तिने नवलला हुकूम सोडला. "माझ्या गाडीतला ओरिजनल काढ आणि हिच्यात बसव. आत्ता. अशी बरी कर की पुन्हा तुझ्या दाराशी येता कामा नये."

"आणि तुझ्या गाडीत?"

"माझा माल माझ्या गाडीत."

ड्रॉवरमधले त्याच डब्यातले बाकीचे सेन्सर तिने अक्कासमोर ओतले. अक्काच्या डोक्यावर लाल अक्षरांची पाटी होती, इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही. अक्काने सगळं ऐकून घेतलं. सेन्सर पदराने सरकवून कचऱ्याच्या डब्यात लोटले आणि नवलवर डोळे रोखले.

"आन् तुले? तोंड नही शे का तुले?"

नवल पाना उचलून पांढऱ्या गाडीकडे पळाला.

संध्याकाळी लाल गाडी जळगावकडे गेली ती गेलीच.

आता कामिनीची पांढरी गाडी गरम झाली की बंद पडते. ट्रायल घ्यायलाच हवी ना? एका दुपारी मुकटीच्या त्याच निंबाखाली ती अडली. नवल शेजारीच होता.

"प्रियलचा फोन आला होता?" कामिनीने अगदी सहज विचारलं.

"आला होता. गाडी छान चालतेय म्हणाली."

"एवढं सांगायला फोन?"

"भरीत पाठवू का, असंही म्हणाली."

"आणि तू?"

"म्हटलं, आमच्याकडे ताक असतं."

ती हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागली. समोरच्या कप्प्यात नाशिकहून आलेला ओरिजनल सेन्सर डब्यात तसाच होता, सील न फोडलेला. नवलने तो पाहिला होता. नवलने पाहिला हे तिने पाहिलं होतं.

"रुमाल भिजव की," ती म्हणाली.

"भिजवतो... एकेक वायसर न्यायची आता लाज वाटते गं. अक्का हसतात."

"मग एकदम चार ने."

"वायसर नकोच आहेत मला, कामिनी."

निंबाचं एक पान काचेवर पडलं. पायाशी ठेवलेली स्टीलची बाटली उचलून तिने त्याच्या हातात दिली. कोरी करकरीत, प्रियलच्या बाटलीपेक्षा हातभर मोठी, मुद्दाम आणलेली.

नवलने झाकण काढलं. ह्या वेळी मान वर केली नाही. बाटलीला ओठ लावून प्यायला.

कामिनीने बाटली परत घेतली, पुसली नाही, आणि तिथेच ओठ टेकवले.

मशीन कधीच थंड झालं होतं. किल्लीला मात्र कुणी हात लावला नाही.