न उघडलेलं खोकं

शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. पलीकडचा माणूस चक्क रडत होता.

"गेलं हो! चोरलं! अकरा वर्षं जिवापाड जपलं होतं मी!"

लॉर्ना फॉसने कॉफीचा कप खाली ठेवला. बेल रिव्हरच्या पोलीस ठाण्यात तपासाचं काम बघणारी ती एकटीच. "कोण गेलं? मूल? कुत्रं? नीट सांगा."

"सॉल्ट हार्बर!"

"हे कोण?"

"गेम! बोर्ड गेम! अजून प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं!"

आता तिने आवाज ओळखला. दातांचा डॉक्टर लॉयड क्विगली. गेल्या वर्षी याची बायको घर सोडून गेली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हा गडी दवाखान्यात शिट्टी वाजवत दात उपटत होता. आणि आज पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी हुंदके!

हायवेवर बर्फात ट्रक घसरला होता, तिकडे माणसं कमी पडत होती. आणि आपण चाललोय सोंगट्या शोधायला. लॉर्ना पुटपुटत गाडीत बसली.

क्विगलीने तिला दारातच बूट काढायला लावले. तळघरात नेण्याआधी हातही धुवायला लावले. खाली जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर खोकीच खोकी. भिंतीवर हवेतला ओलावा मोजणारं यंत्र. वर स्वयंपाकघरात थंडीने दात वाजत होते, पण इथे खोक्यांना मात्र ऊब.

"किती आहेत?"

"एकोणीसशे सहा." मग त्याने एक बोट दुमडलं. "एकोणीसशे पाच."

"यातले खेळलात किती?"

"साधारण... ऐंशी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आहेत," क्विगली म्हणाला. जणू हे उत्तर झालं!

लॉर्नाच्या घरी पत्त्यांचा एकच जोड होता. त्यातल्या इस्पिकच्या राणीचा कोपरा तिच्या धाकट्या भावाने चावला होता, आणि ती राणी कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळायचं. तरी तीस वर्षं त्याच जोडावर घरात भांडणं झाली. तिने फळ्यांकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"चोरीला गेलेला गेम ओळखायचा कसा?"

"जगात फक्त तीनशे प्रती! प्रत्येकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हाताने नंबर घातलेला आहे. माझी दोनशे चौदावी. विकणाऱ्याचं पत्र आहे माझ्याकडे."

"नंबर तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय?"

"कसा पाहणार? प्लास्टिक फाडावं लागेल!" तो असा दचकला की लॉर्नाला हसू आवरेना.

सॉल्ट हार्बर ज्या फळीवर होता तिथे पाच खोकी एकावर एक आडवी ठेवलेली असायची, नावांच्या अक्षरक्रमाने. तो बरोबर मधला. आता चारच उरली होती. क्विगलीने मोबाईलवर रविवारचा फोटो दाखवला. वरच्या दोन खोक्यांना दोन-दोन रबर बँड होते, सोंगट्या सांडू नयेत म्हणून.

आता त्या दोन खोक्यांवर रबरं नव्हती. चारही रबरं फळीच्या कडेला ओळीने ठेवलेली होती, प्रत्येकाला एकेक पीळ घातलेला. खोक्यांचा क्रमही बदलला होता. सगळ्यात जड खोकं तळाला आणि हलकं वर.

"बघितलंत? अक्षरक्रमाची वाट लावली!" क्विगली ओरडला. "हे त्या बाईचंच काम. येसेनियाचं. घराची किल्ली तिच्याकडेच असते. तिच्या बाकीच्या घरांनाही फोन करून सावध केलंय मी."

"माझ्या आधी त्यांना फोन केलात?"

"मग? माणुसकी म्हणून काही असतं की नाही?"

येसेनिया बारिएन्तोस वर स्वयंपाकघरात अंगातला कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसली होती. गावातल्या सहा घरांची साफसफाई करणारी, पस्तिशीची, काटक बाई.

"दोन घरांनी येऊ नको म्हणून कळवलं, मॅडम. अजून नऊही वाजले नाहीत." तिचा आवाज कापत होता, पण रागाने. "सोमवारी शाळेच्या कँटीनमध्ये माझी नोकरी पक्की व्हायचीय. कायमची. ते पोलिसांकडचा कागद बघतात. त्यावर माझं नाव आलं की संपलं."

"तळघरात गेली होतीस?"

"काल, गुरुवारी सकाळी. दर गुरुवारी जाते."

"खोक्यांना हात लावलास?"

"हात? एकदा एक खोकं बोटभर सरकलं, तर महिनाभर बोलणी खाल्ली मी. फळीची कड पुसते फक्त. काल त्या फळीची कडसुद्धा पुसली नाही."

"का?"

"कडेवर रबरं मांडून ठेवली होती. म्हटलं, साहेबांची काहीतरी नवी तऱ्हा असेल. उचलली तर पुन्हा बोलणी."

"हे त्यांना सांगितलंस?"

"विचारलं कुणी? आल्या आल्या चोर म्हणून मोकळे झाले."

म्हणजे ती खरं बोलत असेल, तर चोरी गुरुवारी सकाळच्या आधीची. लॉर्ना क्विगलीकडे वळली. "बुधवारी घरात कोण आलं होतं?"

"आमची खेळाची मंडळी. रँडल सॉबिक आणि कर्टिस एन्गेन. पण ते सभ्य लोक आहेत! स्वतः संग्राहक आहेत!"

"तळघरात कोण उतरलं?"

"रँडल गेम आणायला गेला, कर्टिस परत ठेवायला. दोघांकडे गेम ठेवायच्या मोठ्या पिशव्या असतातच. पण त्यांच्यावर संशय म्हणजे हद्द झाली."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. लॉर्नाने त्याच्याकडून रबरं लावलेलं एक खोकं मागून घेतलं. "दोन्ही हातांनी धरा! आडवंच ठेवा!" असं ओरडत तो बर्फात गाडीपर्यंत आला, तोही नुसत्या मोज्यांवर.

कर्टिस एन्गेन शाळेत गणित शिकवायचा. घरी त्याची खोकी पुस्तकांसारखी उभी होती, आणि प्रत्येकाला तीन-तीन रबरं. लॉर्नाने आणलेलं खोकं त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"लॉयडचं ना? दोनच रबरं लावतो. चिक्कू कुठला!" कर्टिस म्हणाला.

"बुधवारी तळघरात किती वेळ होतास?"

"दोन मिनिटं. गेम ठेवला नि वर आलो."

"सॉल्ट हार्बर जागेवर होता?"

"खरं सांगू? मी बघितलंच नाही. अकरा वर्षं त्याची आरती ऐकतोय. कान किटले." त्याने टेबलावरचं खोकं उचलून उभं केलं. "आडवी ठेवून एकमेकांवर रचतात हे लोक. अडाणीपणा नुसता."

लॉर्नाने मनात म्हटलं, उभी ठेव नाहीतर आडवी ठेव, खेळत तर तूही नाहीस. याच्याही कपाटातली निम्मी खोकी प्लास्टिकमध्येच होती.

रँडल सॉबिकचं हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानाच्या वर घर आणि घरभर खोकी, सगळी आडवी. जेवणाच्या टेबलावरही खोकीच. त्याने त्यातली दोन उचलून तिच्या कपासाठी जागा केली. लॉर्नाने बरोबर आणलेलं खोकं मधोमध ठेवलं.

"बुधवारी खाली गेला होतास ना, रँडल?"

"गेलो होतो की. लॉयडनेच पाठवलं. लपवण्यासारखं काय आहे?"

"सॉल्ट हार्बर पाहिलास?"

"त्या फळीकडे फिरकलोसुद्धा नाही." रँडलने खोकं आपल्याकडे ओढलं. "ज्या कंपनीने तो काढला, तिचे सगळे गेम आहेत माझ्याकडे. तेवढा एक सोडून." त्याने एक रबर काढलं, मग दुसरं. "लॉयडला किती वेळा म्हटलं, मला विक. नाही. बरं, एकदा खेळू तरी. तेही नाही."

"वाईट वाटलं असेल."

"मला? छे!" त्याने दोन्ही रबरांना पीळ घालून ती बाजूला ठेवली आणि खोक्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "त्या सफाईवालीनेच नेलं असणार. त्या लोकांना काय किंमत कळते?"

"तेच ना," लॉर्ना म्हणाली आणि कॉफी संपवून उठली.

शनिवारी झडतीच्या हुकमावर न्यायाधीशाची सही घेऊन ती पुन्हा त्याच घरी गेली, तेव्हा बरोबर दोन शिपाई होते.

रविवारी दुपारी क्विगलीच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. क्विगली, रँडल, कर्टिस. येसेनियाला लॉर्नाने मुद्दाम बोलावलं होतं. ती बसायला तयार नव्हती, दाराशी उभी राहिली.

"चोर सापडलाय," लॉर्नाने सुरुवात केली. "डॉक्टर, तुम्ही म्हणालात येसेनिया. आता विचार करा. ज्याला फक्त खोकं पळवायचंय, तो वरची दोन खोकी उचलेल, मधलं काढेल आणि पसार होईल. या चोराने काय केलं? वरच्या खोक्यांची रबरं काढली, ती नीट मांडून ठेवली. मग खोकी पुन्हा रचली, जड खाली, हलकं वर. कशासाठी?"

"झाकणं दबू नयेत म्हणून," कर्टिसच्या तोंडून निघून गेलं.

"बघा! चोरी करतानाही ज्याला दुसऱ्याच्या खोक्यांची काळजी, तो तुमच्यातलाच. धूळ पुसणाऱ्या बाईला काय पडलंय? कर्टिस खोकी उभी ठेवतो आणि प्रत्येकाला तीन रबरं लावतो. तो रबरं काढेल? तो आणखी एक चढवेल. मी एक खोकं घेऊन तुम्हा दोघांकडे गेले. कर्टिसने ते उभं केलं. रँडल, तू काय केलंस आठवतंय?"

रँडलने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"बोलता बोलता रबरं काढलीस. पीळ घातलास. बाजूला ठेवलीस. तुझं तुलाही कळलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती ही."

"रबराने कोपरे दबतात," रँडल ओठातल्या ओठात म्हणाला. "लॉयडला हजारदा सांगितलंय. हजारदा!"

लॉर्नाने पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं. त्यावर प्लास्टिक तसंच चकाकत होतं. क्विगलीच्या घशातून बारीक आवाज निघाला.

"रँडलच्या पलंगाखाली सापडलं. टॉवेलात गुंडाळलेलं."

"ते माझं आहे!" रँडल उसळला. "शिकागोला एका माणसाकडून घेतलं मी. दुसरी प्रत! सिद्ध करा ही लॉयडची आहे म्हणून!"

"करू की. नंबर आतच आहे." लॉर्नाने खिशातून चाकू काढला.

"नको!"

दोघं एकदमच ओरडले, चोरही आणि मालकही.

"नंबर न बघता कसं ठरणार, डॉक्टर?"

क्विगलीने कपाळावरचा घाम पुसला. "मी... मी तक्रार मागे घेतो. रँडल मला ते तसंच परत देईल. देशील ना रे?" रँडलने घाईघाईने मान हलवली. "झालं तर मग! मिटलं."

"मिटलं? तक्रार मागे घेतलीत तर कागदावर काय राहतं, ठाऊक आहे? संशयित येसेनिया बारिएन्तोस, निकाल नाही. उद्या शाळेवाले तोच कागद बघणार."

"तिला काय, मिळेल दुसरं काहीतरी," क्विगली म्हणाला. "हे पुन्हा मिळणार नाही हो!"

येसेनियाने दाराची चौकट घट्ट धरली. कर्टिसनेसुद्धा मान खाली घातली. लॉर्नाने वीस वर्षांत मारामाऱ्या पाहिल्या होत्या, दारुडे पाहिले होते, पण इतका कोता माणूस तिने पाहिला नव्हता.

"तुम्हाला विचारलं ते रीत म्हणून," ती म्हणाली. "न्यायाधीशाची परवानगी माझ्या खिशात आहे."

आणि तिने प्लास्टिक कापलं.

झाकण निघालं तसा कुबट वास टेबलभर पसरला. आतल्या बाजूला शाईने लिहिलं होतं, दोनशे चौदा. खाली पट फुगून वाकडा झाला होता आणि पत्त्यांवर हिरवी बुरशी चढली होती. कारखान्यातच ओल आत कोंडली गेली असणार. ज्याची अकरा वर्षं आरती केली, ते आतून कधीच सडलं होतं.

"अरेरे!" रँडल म्हणाला. चोरी उघडी पडली याचं नव्हे, तर पत्त्यांचं दुःख होतं ते.

"खेळला असतास का रे तू तरी?" लॉर्नाने त्याला विचारलं.

तो वाकड्या पटाकडे बघत उठला. शिपायाबरोबर निघाला. क्विगली टेबलावर ओणवा होऊन रुमालाने एकेक पत्ता पुसत बसला होता.

"डॉक्टर, ते ठेवा. फोन उचला."

"कुणाला?"

"ज्यांना शुक्रवारी माणुसकी म्हणून केलात त्यांना. सगळ्यांना. आत्ता, माझ्यासमोर. येसेनियाने चोरी केलेली नाही आणि मी तिच्यावर खोटा आळ घेतला, हे शब्द म्हणायचे. नाहीतर खोटा आरोप केला म्हणून तुमच्यावरच कागद करते."

पाच फोन झाले. पहिल्यात तो चाचरला, तेव्हा लॉर्नाने त्याला सगळं पुन्हा म्हणायला लावलं. मग तिने आपला अहवाल काढला, येसेनियाच्या नावापुढे 'निर्दोष' असं लिहून सही केली आणि एक प्रत तिच्या हातात दिली. शाळेत काही अडलं तर मला बोलवून घे, म्हणाली.

येसेनियाने तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग घराची किल्ली क्विगलीपुढे, बुरशीच्या पत्त्यांशेजारी ठेवली.

"मी उद्यापासून येणार नाही, साहेब."

क्विगलीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. माफी मागेल असं लॉर्नाला क्षणभर वाटलं.

"अगं, मग खालच्या धुळीचं काय?" तो म्हणाला. "एकोणीसशे खोकी आहेत!"

"खेळा की," येसेनिया म्हणाली. "रोज हाताळलं तर कशाला बसतेय धूळ?"

आणि ती बूट घालून बर्फात बाहेर पडली.