गाडीवानाचं पुढे काय झालं?

संध्याकाळी पाऊस आला, आणि पोर्चमधली गाडी मला सोडायलाच उभी आहे असं समजून मी तडक मागच्या सीटवर जाऊन बसले.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "कुठे घेऊ… साहेब?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईसाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना कादंबरी वाचून दाखवायला आलेली मी. माझी कसली गाडी! ओशाळून उतरले, तर त्याने हसू दाबत स्वतःची छत्री पुढे केली.

छत्री परत करायच्या निमित्ताने मग रोज बोलणं व्हायला लागलं; त्या दिवशी वाचलेलं मी त्याला सांगायची. कादंबरी जुनी, जाडजूड. बंगलेवाल्या माणसांची; नवरा एकीकडे गुंतलेला, बायको दुसरीकडे, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे कसे सभ्य! ड्रायव्हरला मात्र त्यातल्या एकाचीच काळजी. मालकाला दुसरीच्या दारात सोडून घरी थाप मारणाऱ्या गाडीवानाची.

"त्याचं पुढे काय झालं?"

"त्याला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना…"

हे बोलताना तो असा बघायचा की मी पानाची खूण विसरायची. आवडायला लागला होता, उगाच कशाला लपवू?

आणि एका दुपारी बाईसाहेबांनी साहेबांची चौकशी केली. दारात उभा राहून तो म्हणाला, "मीटिंग लांबलीय." मी तर येताना साहेबांना तळ्याकाठी पाहिलं होतं, एका बाईच्या हातात हात घालून.

"किती सफाईने खोटं बोलता," पोर्चमध्ये मी म्हटलं.

"नोकरी आहे."

"उद्या मला काही गोड बोललात… तर खरं कसं मानू?"

त्याने नुसती छत्री पुढे केली. मी ती न घेताच निघाले, आणि घरी जाऊन खूप रडले.

आठवडाभर आम्ही बोललो नाही. शेवटचं प्रकरण चालू असताना बाईसाहेबांनी त्याला आत बोलावलं. "साहेब कुठे आहेत रे?"

त्याच्या बोटांत किल्ली फिरत राहिली. "मला… नका विचारू, बाईसाहेब. आता नाही सांगवत."

काळ्या चष्म्याआड त्यांचे डोळे दिसले नाहीत. मी त्यांचा हात धरला, तो गार पडला होता.

"मीटिंग ऐकून कान किटले होते माझे," त्या हळूच म्हणाल्या. "किल्ली ठेव इथे. ते तुला काढतील, त्याआधी तूच जा. आणि तू गं, उरलेलं उद्या वाच. आज मला जरा एकटीला बसू दे."

फाटकाबाहेर आम्ही चालत निघालो. पाऊस भुरभुरत होता, छत्री त्याच्या हातात मिटूनच होती.

"गाडीवानाचं काही कळलं?"

"शेवटची पानं चाळली मी. लेखक विसरला त्याला."

"बिचारा…" तो थांबला. "मला तुम्ही… म्हणजे मला… तू आवडतेस."

"हे खरं कशावरून?"

"अडखळलो ना. खोटं बोलताना कधी अडखळलोय मी?"

मी छत्री त्याच्या हातातून घेतली आणि उघडली.

"आत ये," म्हटलं, "भिजशील."