छातीतले तांबडे गोटे

दामिनीच्या वाट्याला आलेली भिंत सौसरच्या वाटेवरच्या नव्या, छोट्या चर्चमधली. वेदीच्या मागची, पांढरी, कोरी. पांढुर्ण्याच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. फादरांना रंग नको होते, इथल्याच नदीचे गोटे हवे होते. त्यांतून पेलिकन पक्षीण मांडायची, दुष्काळात आपलीच छाती चोचीनं फोडून पिल्लांना रक्त पाजणारी. ती त्यांच्या येशूची खूण. दामिनीनं पेलिकन कधी पाहिली नव्हती. तिनं मान बगळ्याची घेतली, पोट कोंबडीचं, आणि नजर आपल्या आईची.

जाम नदीत काळे-करडे गोटे हवे तेवढे. तांबडे मात्र पुलापाशीच सापडले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जिथं समोरासमोर उभे राहून एकमेकांवर गोटे फेकतात, तिथंच. पिशवी पाहून सासू अंबाबाई उंबऱ्यात आडव्या आल्या.

"गोटमारीचा गोटा घरात आनू नाही, बाई. त्यानं रगत पायलं असते."

"घरात कुठं, आत्याबाई? देवाच्या घरी नेऊन राहिली."

 अंबाबाई पिशवीला अंग लागू न देता बाजूला झाल्या.

तांबड्या गोट्यांचे थेंब झाले, छातीपासून पिल्लांच्या चोचीपर्यंत. सिमेंट वाळलं, भिंत खडखडीत कोरडी झाली; थेंब ओलेच. दामिनी पुसायची, दुपारपर्यंत पुन्हा ओल. पाणी मुरत असेल, असं तिनं मनाला समजावलं. मग एका सकाळी सगळ्यांत मोठा थेंब जागेवर नव्हता. खाली फरशीवर काही नाही. झाडणाऱ्या शीतलनं गळ्याची शपथ घेतली, की तिनं काही उचललं नाही.

पोळा आला. दामिनीचा नवरा प्रफुल्ल दरवर्षी नदीत उतरायचा. मागच्या गोटमारीत सावरगावच्या गोट्यानं त्याचा डावा डोळा गेला होता. दामिनी सावरगावचीच लेक. तो गोटा कुणाच्या हातचा, हे तिनं माहेरी कधी विचारलं नाही. उरलेला डोळा तेवढा तिला राखायचा होता. म्हणून गोटमारीच्या सकाळी तिनं प्रफुल्लला गाडीवर मागं बसवून चर्चमध्ये आणलं, पुढच्या बाकावर बसवलं आणि दाराला आतून कडी घातली.

दुपारी तिच्या भावाचा, गुणवंताचा फोन आला; तिनं तो स्पीकरवर घेतला. मागं ढोल वाजत होते. "भाऊजी दिसून नाही राहिले. कुठं लपवून ठेवले?"

प्रफुल्ल फोनकडे वाकून हसला. "देवाच्या पोटात बसलो म्हना."

"बसा तिथंच," दामिनी म्हणाली.

फोन बाकावर ठेवून ती रिकाम्या जागेसाठी सिमेंट कालवायला बसली. भिंत तिच्या पाठीशी.

मागं बारीक आवाज झाला. चिखलातून पाय निघावा तसा.

प्रफुल्लचं हसू थांबलं.

"दामिनी," तो म्हणाला, "लाइट गेली काय?"

खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. त्यानं उजव्या डोळ्यावर हात धरला होता. बोटांच्या फटी लाल होत होत्या.

त्याच्या पायाशी तांबडा गोटा. गोट्याच्या पाठीला वाळलेलं सिमेंट, सिमेंटात तिच्या अंगठ्याचा ठसा.

दाराची कडी लागलेलीच होती. फोन चालूच होता. त्यातून नदीवरचा गलका येत होता.

तिनं त्याला कवेत घेतलं आणि वर पाहिलं.

पक्षीण मान वाकवून बघत होती, आईच्या नजरेनं. तिच्या छातीतले बाकीचे तांबडे गोटे भिंतीतून बोटभर बाहेर आले होते.