कोपऱ्यातलं पान

देवगडच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर. अंगात येणाऱ्या बायांनाही मी तेच लाल मिक्श्चर देतो आणि भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची यथेच्छ टर उडवतो. निदान सत्तावन्न सालच्या वैशाखापर्यंत उडवत होतो.

त्या वैशाखात माझा धाकटा भाऊ लवू स्वतःच्या लग्नासाठी मुंबईहून आला. वडील लवकर गेले. त्याला मीच वाढवलं, आणि माझा सगळा जीव त्याच्यात. बोटीतून उतरला तो भुकेनं कासावीस. बंदरावर, आंब्याच्या पेट्यांच्या थप्प्यांमागे, आरोंद्याच्या हौसाबाईनं नवी खानावळ काढली होती. आम्ही तिथं शिरलो.

गिऱ्हाईक कोणी नव्हतं. जमीन नुकतीच सारवलेली. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एक पान आधीच वाढलेलं होतं. त्यावर एकच पदार्थ. पेजेसारखा दाट, राखेच्या रंगाचा, वर काळे तीळ. माझा जन्म याच मातीतला, पण असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"त्या पानाक हात लावू नकात," हौसाबाई म्हणाली.

"कोणाचा ता?" लवूनं विचारलं.

"म्हायत नाय. जागा भाड्यान घेतलंय तेवाच मालकान सांगल्यान, आधी थंय वाढूचा, मगे गिरायकांका. थोड्या वेळान पान रिकामा गावता."

ती आत वळली. "आज मांजर उपाशी रवांदे," असं म्हणून लवू त्या पानावर बसला. मीही हसलो.

"मीठ नाय रे दादा. वाफ येता, पण थंडगार आसा." तरी त्यानं पान चाटूनपुसून साफ केलं.

हौसाबाई भात घेऊन आली. कोपऱ्यातलं रिकामं पान पाहिलं, मला वाढलं आणि विचारलं, "तुमच्यावांगडा होते ते खंय गेले?"

लवू तिच्यासमोर हात पुढे करून बसला होता.

चेष्टेला चेष्टा, असं मी मनाशी म्हटलं. पण घरी आईनंही दारातच विचारलं, "लवू खंय रवलो?" तो तिच्या पाया पडत होता. मी बोट दाखवलं तेव्हा कुठे ती दचकली, त्याला जवळ घेतलं, म्हातारपणाला बोल लावला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं बोलणं कोणाच्या कानावर पडेना; प्रत्येक गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागू लागली. मुलीचे वडील मुहूर्ताचं बोलायला आले. लवू शेजारी बसला असताना माझ्याशीच बोलून उठले, आणि लग्नाचा विषयच त्यांनी काढला नाही. मी लवूची नाडी पाहिली. नाडी उत्तम होती. हात तेवढा गार होता.

"दादा, माका भय वाटता," तो म्हणाला. लहानपणीसुद्धा तो असं कधी म्हणाला नव्हता.

त्यानंतर एकदा दवाखान्यात पुड्या बांधताना माझ्या लक्षात आलं, सकाळपासून मला लवूची आठवणच झाली नव्हती. काम टाकून मी बंदरावर धावलो.

हौसाबाई उंबऱ्यावर बसली होती. कोपऱ्यातलं पान वाढलेलंच होतं. पदार्थावर साय धरली होती.

"माझो भाव चुकलो. काय करू ता सांग," मी हात जोडले.

"कसलो भाव?" ती म्हणाली. "तुमी एकटेच इल्लास मां त्या दिवशी." मग कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आता हंय कोण जेवणा नाय. दुसरीकडे जेवता वाटता."

मी भर उन्हातून घर गाठलं.

अंगणात, तुळशीपलीकडे, आईनं पान मांडलं होतं. भात, वरण, लवूच्या आवडीची काजूची उसळ. पानासमोर लवू मांडी घालून बसला होता. माझ्याकडे बघून तो काहीतरी बोलला. ओठ हलले, ऐकू काही आलं नाही.

माडावरून कावळा उतरला.

तो सरळ पानावर आला. लवूच्या बोटांना चिकटलेला भात त्यानं टिपला.

लवूनं हात मागे घेतला नाही.

ओसरीवर आईनं हात जोडले. "कावळो येगीन इलो," ती डोळे पुसत म्हणाली. "काय इच्छा मागे रवली नाय तेची."

मग तिनं मला एकट्याला जेवायला हाक मारली.