नऊ खोटे निकाल

"माझ्या संशोधनात कोर्टाचे नऊ खोटे निकाल सापडलेत," प्राध्यापिका राजेश्वरी म्हणाल्या. "उद्या सकाळी अकराला विद्यापीठाची समिती बसतेय. मीच ते घुसडले असं ठरलं, तर नोकरी गेली."

बेळगावच्या कॅम्पातल्या खासगी गुप्तहेर भाग्यलक्ष्मीनं त्या निकालांची यादी ओढून घेतली. शेजारी तिचा जोडीदार शिवराज होता. निवृत्त सुभेदार, अंगानं दांडगा, डोक्यानं अंमळ सावकाश.

बदली जवळ आली की दिवाणी न्यायाधीश अवघड दावे पुढच्याच्या गळ्यात मारतात आणि सोपे झटपट उरकतात, असं राजेश्वरी आकड्यांनिशी मांडत होत्या. खोटे निकाल गेल्या वर्षीचे, बेळगाव जिल्ह्यातल्याच एका कोर्टाच्या नावावरचे. चार दसऱ्याच्या आठवड्यातले, बाकीचे पुढेमागे. रविवार एकही नाही. दिवाळीचे पंधरा दिवस कोरे.

"संगणकाला हात कुणाचा लागतो?"

"माझ्याशिवाय दोघांचा."

पहिले महादेवआप्पा, निपाणीचे निवृत्त कोर्ट कारकून. "तीस वर्सं कोर्टात काढली, बाई. दसऱ्याच्या सुट्टीत तेवढं जोतिबाला जायचो. न्हाईतर एक रजा न्हाय. मी कशाला खोटं लिवू?"

दुसरा दिग्विजय, तरुण सहायक. "मी जानेवारीत तर आलतो कोल्हापुरास्नं. तिथं वकिली करत हुतो. मॅडमचं वाईट कशाला चिंतीन?"

"आप्पाच!" बाहेर येताच शिवराज म्हणाला. "कोर्टातलं सगळं त्यास्नीच ठावं."

"म्हणूनच ते नव्हेत," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

संध्याकाळी टिळकवाडीत राजेश्वरींच्या घरी तिनं सगळ्यांना बसवलं.

"घुसडणाऱ्यानं सुट्ट्या जपल्या. रविवार टाळले, दिवाळी टाळली. पण आपल्याकडं कर्नाटकात दिवाणी कोर्टं दसऱ्याचा अख्खा आठवडा बंद असतात. दिवाळीची लांब सुट्टी महाराष्ट्रात. आप्पांनी दसऱ्यातली तारीख घातलीच नसती. दिग्विजय, तुम्ही कोल्हापूरच्या सवयीनं तारखा घातल्या."

दिग्विजयनं मान खाली घातली. "मॅडम गेल्या असत्या तर प्रकल्प मला मिळाला असता."

"सुटलासा मॅडम!" शिवराज खूश झाला.

राजेश्वरी हसल्या नाहीत. "ते नऊही निकाल माझ्या मताला सोयीचे होते. म्हणून मी पडताळलेच नाहीत. न्यायाधीश सोय बघतात असं मी लिहिते, आणि मीही तेच केलं. उद्या समितीला आधी हे सांगणार."

"आणि नोकरी?"

"ते समिती ठरवेल," त्या म्हणाल्या आणि कागद आवरायला लागल्या.